विसाराचे पैसे

बिरवाडीला लागून महाडची औद्योगिक वसाहत आहे. तिथल्या रसायनांच्या कारखान्यांत तीस-तीस वर्षं पाळ्या करून अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी बसलेली माणसं आमच्याकडे आळीआळीत भेटतात. त्यांना मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाचं सूत्र साधं आहे: पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०. मात्र त्यातला पगार म्हणजे खरा पगार नव्हे. त्याला मर्यादा आहे. २०१४ पासून ती १५,००० रुपये आहे, त्याआधी ६,५०० होती. त्यामुळे आयुष्यभराच्या नोकरीनंतर महिन्याला दोन-तीन हजार हाती पडतात. भविष्य निर्वाह निधीची पंधरा-वीस लाखांची रक्कम मात्र एकदम येते, आणि तिला उरलेल्या आयुष्याचा पगार व्हायचं असतं.

अशाच एका शेजारी काकांनी गेल्या उन्हाळ्यात माझ्यापुढे दोन कागद ठेवले. पहिला इथल्या एका लाभांश फंडाचं माहितीपत्रक. दुसरा न्यू जर्सीतल्या पुतण्याने पाठवलेला. तो अमेरिकेतल्या 'कव्हर्ड कॉल' फंडाबद्दल होता आणि वर्षाला आठ-दहा टक्के, तेही दरमहा, असं सांगत होता. दोन्हींवर 'उत्पन्न' हा शब्द ठळक छापलेला. काकांनी विचारलं, "तुम्ही शब्दांच्या मागे लागता ना? मग यातलं खरं उत्पन्न कुठलं ते सांगा."

मी अर्थशास्त्र कुठल्या महाविद्यालयात शिकलेलो नाही. पण हे दोन कागद दोन संहिता म्हणून वाचता येतात, आणि तसे ते फारसे कुणी वाचत नाही, असं मला वाटतं. कथेतला एखादा शब्द चुकला तर आपले समीक्षक रकानेच्या रकाने लिहितात. ज्या शब्दावर माणूस म्हातारपण सोपवतो त्याच्या वाट्याला एक परिच्छेदही येत नाही.

'लाभांश'पासून सुरुवात करू. लाभाचा अंश, म्हणजे आधी लाभ झाला पाहिजे आणि मग त्यातला भाग वाटला पाहिजे. कंपनीच्या बाबतीत हा अर्थ बराचसा टिकतो. १६१० साली डच ईस्ट इंडिया कंपनीने भागधारकांना लाभांश दिला तो जायपत्री आणि मिऱ्यांच्या रूपात. वखारीत माल होता म्हणून वाटला. म्युच्युअल फंडाच्या लाभांशाचं तसं नसतं. फंडाने युनिटमागे दोन रुपये वाटले की युनिटची किंमत तेवढीच, दोन रुपयांनी, खाली येते. डाव्या खिशातलं उजव्या खिशात. वर 'वीस टक्के लाभांश' अशी जाहिरात व्हायची ती दहा रुपयांच्या दर्शनी किमतीवर. युनिट पन्नास रुपयांचं असेल तर हे वीस टक्के प्रत्यक्षात चारच भरतात. अखेर 'सेबी'ने १ एप्रिल २०२१ पासून फंडांच्या 'डिव्हिडंड' पर्यायाचं नावच बदलायला लावलं. नवं नाव लांबलचक आणि ओबडधोबड आहे: 'इन्कम डिस्ट्रिब्यूशन कम कॅपिटल विथड्रॉवल', म्हणजे उत्पन्नवाटप आणि त्यासोबत भांडवलाची उचल. मला ते अलीकडच्या काळातलं भाषिक समीक्षेचं सर्वांत उपयोगी उदाहरण वाटतं. एका सरकारी परिपत्रकाने शब्दाचा खोटेपणा पकडला आणि खरा अर्थ नावातच घातला. नाव इतकं कुरूप आहे की एजंटाला ते हसतमुखाने उच्चारता येत नाही.

परदेशात लाभांशवाढीच्या फंडांची कल्पना वेगळी आहे. आज किती टक्के मिळतात हे ते पाहत नाहीत. ज्या कंपन्या वर्षानुवर्षं लाभांश वाढवत आल्या त्याच घ्यायच्या, असा त्यांचा नियम. अमेरिकेतल्या 'डिव्हिडंड अॅरिस्टोक्रॅट्स' निर्देशांकात बसायला सलग पंचवीस वर्षांची वाढ लागते. आपल्याकडे 'सेबी'च्या २०१७ च्या वर्गवारीत 'डिव्हिडंड यील्ड' हा प्रकार आहे, लाभांशवाढीचा स्वतंत्र प्रकार नाही. जास्त लाभांश देणारी कंपनी आणि लाभांश वाढवत नेणारी कंपनी यांत फरक आहे. पहिलीचा टक्का कधीकधी केवळ तिचा भाव पडला म्हणून मोठा दिसतो.

सलग वाढत्या लाभांशावर विश्वास ठेवण्याचा प्रयोग मराठी मध्यमवर्गाने एकदा केलेला आहे. युनिट ट्रस्टची यूएस-६४ योजना १९६४ च्या जुलैत सुरू झाली. पहिला लाभांश ६.१ टक्के होता. तीन दशकं तो चढत गेला आणि नव्वदीच्या सुरुवातीच्या तेजीत २६ टक्क्यांवर पोचला. शिक्षक, कारकून, गिरणीतले लोक, विधवा अशा कितीतरी घरांत जुलैचा तो वॉरंट म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी येणारा ठरलेला पैसा होता. मुलांची वह्या-पुस्तकं, घराची शाकारणी त्यात भागायची. पण या योजनेत युनिटची खरेदी-विक्री मालमत्तेच्या खऱ्या किमतीने होत नव्हती, ट्रस्टने ठरवलेल्या भावाने होत होती. गंगाजळी संपून उणे झाल्याचं १९९८ मध्ये उघड झालं. दीपक पारेख समितीने खऱ्या मूल्याशी भाव जोडायला सांगितलं. तरी लाभांश चालूच राहिला आणि २ जुलै २००१ रोजी युनिटची परतखरेदी सहा महिन्यांसाठी थांबवली गेली. ज्यांचा पैसा होता त्यांना तो मागता येईना. पुढे छोट्या धारकांना ३,००० युनिटांपर्यंत सवलत मिळाली, २००२ मध्ये कायदा करून संस्थेचे दोन भाग झाले, आणि उरलेल्यांच्या हाती ६.७५ टक्क्यांचे रोखे आले.

म्हणून लाभांशाचा चढता आलेख दाखवून कुणी 'हेच बघा' म्हणालं की मी जरा दचकतो. आलेख खरा होता, पण त्याच्याखालची जमीन पोखरलेली होती. कंपन्यांचा लाभांशही हक्क नव्हे. २०२० च्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना त्या वर्षाचा लाभांश देऊ नका असं बजावलं. त्यांत उत्तम चाललेल्या बँकाही होत्या.

आता दुसरा कागद. 'कव्हर्ड कॉल' समजावताना माहितीपत्रकं नेहमी घरभाड्याचा दाखला देतात: शेअर तुमचाच, त्यावर भाडं खा. हा दाखला सरळ चुकीचा आहे. भाडेकरू घर वापरतो आणि घर वाढत्या किमतीसह मालकाकडेच राहतं. इथे तसं होत नाही. काकांना मी आमच्याकडचा दाखला दिला. समजा एखाद्याचा मुंबई-गोवा महामार्गालगत दहा लाखांचा प्लॉट आहे. एकजण येऊन म्हणतो, "हे वीस हजार घ्या. महिन्याभरात मला वाटलं तर साडेदहा लाखांना प्लॉट मी घेणार. नाही वाटलं तर वीस हजार तुमचे." आपण याला विसार म्हणतो. फरक इतकाच की खऱ्या व्यवहारात विसार किमतीतून वजा होतो, शेअरबाजारात होत नाही. भाव जागच्या जागी राहिला तर मालक वीस हजार खातो आणि पुढच्या महिन्यात नवा विसार घेतो. रुंदीकरणाची बातमी आली आणि भाव वीस लाख झाला, तरी त्याला साडेदहाच मिळतात. आणि जुलै २०२१ सारखा पूर आला, भाव निम्म्यावर आला? मग तो विसार देणारा फिरकत नाही. चिखलातला प्लॉट मालकाचाच, आणि हातात वीस हजार.

'कव्हर्ड' या शब्दाचं कोडं इथे सुटतं. झाकलेला, संरक्षित, असं ऐकून म्हाताऱ्या माणसाला छत्री आठवते. पण संरक्षण कुणाला? कॉल विकत घेणाऱ्याला. विकणाऱ्याकडे शेअर खरोखर आहे, तो ऐनवेळी हात वर करणार नाही, एवढाच त्या 'झाकण्या'चा अर्थ. आपल्या पैशाच्या पडझडीवर विसाराच्या रकमेपलीकडे त्यात कसलंच पांघरूण नाही.

ही कल्पना अमेरिकेतून आली असं समजणाऱ्यांनी आपलाच १९५६ चा सिक्युरिटीज कॉन्ट्रॅक्ट्स कायदा काढून पाहावा. त्यातल्या ऑप्शनच्या व्याख्येत 'तेजी', 'मंदी', 'तेजी-मंदी' आणि 'गल्ली' हे शब्द जसेच्या तसे आहेत. इंग्रजी कायद्यात मुंबईचा बाजार घुसलेला आहे. त्याच कायद्याने हे व्यवहार बंद केले. कापसातले ऑप्शन तर मुंबई प्रांतात १९३९ च्या कायद्यानेच रोखले होते. शेअरवरची बंदी १९९५ मध्ये उठली आणि राष्ट्रीय शेअरबाजारात एकेका शेअरचे ऑप्शन सुरू झाले ते २ जुलै २००१ रोजी. तारीख पुन्हा वाचा. ज्या दिवशी यूएस-६४ चं दार बंद झालं त्याच दिवशी हे दार उघडलं. या योगायोगाला अर्थ चिकटवण्याचा मोह मी आवरतो, पण तो कुठे नोंदलेला मला दिसला नाही म्हणून इथे नोंदवतो.

त्याहून जुनी गोष्ट अॅरिस्टॉटलने सांगितलेली. थेलीस या तत्त्ववेत्त्याने ऑलिव्हचं पीक भरपूर येणार हे ओळखून हिवाळ्यातच थोडाथोडा विसार देऊन घाण्या अडकवून ठेवल्या आणि हंगामात चढ्या दराने लावल्या. ही गोष्ट सगळे थेलीसच्या बाजूने सांगतात. घाणीवाल्यांचं काय झालं हे कुणी विचारत नाही. त्यांना हिवाळ्यात चार पैसे मिळाले, ते बहुधा खूशही झाले असतील, आणि हंगामाची कमाई मात्र दुसऱ्याने नेली. कव्हर्ड कॉल फंडात आपण घाणीवाले असतो.

भारतात अशा फंडांना तूर्त आडकाठी आहे. जानेवारी २०१९ पासून म्युच्युअल फंडांना कॉल विकायची मुभा मिळाली, पण फक्त निफ्टी आणि सेन्सेक्समधल्या शेअरांवर आणि योजनेतल्या शेअरांच्या मूल्याच्या १५ टक्क्यांपर्यंत. एवढ्यात आठ-दहा टक्क्यांचं वाटप होणं शक्य नाही. अमेरिकेत मात्र हा प्रकार फोफावला. नॅस्डॅक-१०० वर कॉल विकणारा क्यूवायएलडी फंड २०१३ च्या डिसेंबरात साधारण २५ डॉलरला सुरू झाला. दहा वर्षांनी त्याचं युनिट सतराच्या आसपास होतं, आणि तेवढ्या काळात मूळ निर्देशांक चौपटीहून वर गेला होता. महिन्याचं वाटप मिळवलं तर गुंतवणूकदार तोट्यात नव्हता हे खरं. पण ते वाटप ज्या झाडावरून येत होतं ते झाड खुजं होत चाललं होतं, हेही तितकंच खरं.

इथवर वाचून मी लाभांशवाढीच्या बाजूने निकाल देणार असं वाटेल. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि अडलो. समजा लाभांश आज दोन टक्के आहे आणि दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढतो. हे गृहीत उदार आहे. समोर स्थिर आठ टक्के. वीस लाखांवर पहिल्याचे वर्षाला चाळीस हजार, दुसऱ्याचे एक लाख साठ हजार. पहिल्याला दुसऱ्याची बरोबरी करायला पंधरा वर्षं लागतात. आणि एकूण हाती आलेला पैसा मोजला तर बरोबरी सव्वीसाव्या वर्षी होते. काका तेव्हा चौऱ्याऐंशीचे असतील. भांडवल मधल्या काळात बारापट झालेलं असेल, पण ते मुलांचं. त्या मधल्या वर्षांत गॅस, औषधं, नातीची फी कशातून? लाभांशवाढीची स्तुती करणारे लेखक बहुधा चाळिशीत आणि पगारावर असतात.

उलट स्थिर आठ टक्क्यांचं दुखणं महागाईचं. ती सहा टक्के धरली तर बारा वर्षांत त्या एक लाख साठ हजारांची खरेदीची ताकद निम्मी उरते. वर मुद्दलाला धोका. आणि इथेच अमेरिकेतून आलेल्या कागदाची सद्दी माझ्या मते संपते. कारण ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पोस्टात २०२३ च्या एप्रिलपासून ८.२ टक्के व्याज आहे, तीस लाखांची मर्यादा आहे, आणि निवृत्त झालेल्याला पंचावन्नाव्या वर्षापासून, रक्कम हाती आल्यावर ठरावीक मुदतीत, तिथे खातं उघडता येतं. न वाढणारंच उत्पन्न घ्यायचं तर पुराची जोखीम डोक्यावर कशाला? अमेरिकेत असं पोस्ट नाही, म्हणून पुतण्याला तो फंड पटतो. त्याच्या जागी तो चूक नाही.

मग लाभांश फंड? दरमहा पैसे हवेत म्हणून तो घेणं मला चुकीचं वाटतं. त्याच्या वाटपावर २०२० पासून आपल्या टप्प्याने कर लागतो, आणि किती कधी मिळणार ते आपल्या हातात नसतं. पाच-सात वर्षं हात लावायचा नाही असा भाग वाढीच्या पर्यायात ठेवावा आणि पुढे गरजेपुरतं ठरवून काढावं. त्याला 'उत्पन्न' म्हणू नये, 'उचल' म्हणावं. २००८ मध्ये सेन्सेक्स एकवीस हजारांवरून वर्षाच्या आत आठ हजारांच्या घरात आला होता. तशा वर्षी उचल थांबवता आली पाहिजे, आणि त्यासाठी घर चालवणारा पैसा आधीच दुसरीकडून येत असला पाहिजे.

हे सगळं मी काकांना साधारण याच क्रमाने सांगितलं. त्यांनी थेलीसच्या वेळी जांभई दिली. पोस्टाचा व्याजदर मात्र दोनदा विचारून कागदाच्या मागे लिहून घेतला. चौदा लाख तिकडे आणि उरलेले कुठे, यावर घरात काकूंशी बोलतो म्हणाले. दोन्ही पत्रकं घडी करून खिशात घातली. दारापर्यंत जाऊन परत वळले.

"तो महामार्गालगतचा प्लॉट," त्यांनी विचारलं, "कुणाचा म्हणालात?"