हरण्याचा हक्क

एखाद्या बुद्धिबळपटूच्या कारकीर्दीचे परीक्षण वाङ्मयविषयक मासिकात कशासाठी, असा प्रश्न आमच्या काही वाचकांस पडण्याचा संभव आहे. त्यांस आमचे उत्तर असे की, ज्या कसोट्या आपण कवीस अथवा नाटककारास लावतो त्या खेळाडूस लावण्याचे आपण टाळतो. आणि त्यामुळे खेळाडूंविषयीचे आपले लेखन एक तर पदकांची यादी होऊन बसते, नाही तर सत्कारसमारंभातील भाषण. कवीचा पहिला संग्रह अमुक साली निघाला, एवढे सांगून कोणी टीकाकार थांबत नाही. त्या संग्रहात काय साधले आणि काय निसटले, हे तो पाहतो. श्रीमती रोहिणी खाडिलकर यांच्याविषयी मात्र बहुधा तीनच गोष्टी सांगितल्या जातात. त्या बुद्धिबळ खेळणाऱ्या तिघी बहिणींपैकी एक. त्यांच्या घरात राष्ट्रीय विजेतेपद दहा वर्षे नांदले. आणि पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेल्या त्या पहिल्या स्त्री. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु तिन्हींचे मोल सारखे नाही, आणि कोणत्या गोष्टीचे मोल किती हे ठरवण्याचाच येथे प्रयत्न करावयाचा आहे.

प्रथम घराची ओळख करून देणे अवश्य आहे. नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे नाव ठाऊक नसलेला मराठी वाचक विरळा. त्यांचे 'कीचकवध' हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले व १९१० साली सरकारने त्यावर बंदी घातली. भर राजसभेत न्याय मागणारी आणि तो न मिळालेली द्रौपदी त्या नाटकाने महाराष्ट्राच्या डोळ्यांपुढे उभी केली. १९२३ साली त्यांनी 'नवाकाळ' हे दैनिक काढले आणि गिरगावातील खाडिलकर मार्ग व हे वृत्तपत्र यांचे नाते जुळले. नाट्याचार्यांचे नातू नीळकंठ खाडिलकर हे पुढे त्याच 'नवाकाळ'चे संपादक झाले. वासंती, जयश्री आणि रोहिणी ह्या त्यांच्या कन्या. रोहिणीबाईंचा जन्म १९६३ सालचा.

ह्या घरी मुलींच्या हाती बुद्धिबळाचा पट आला, ह्यात गिरगावचाही काही वाटा आहे असे आम्हांस वाटते. परळ-लालबागच्या कबड्डीस मोकळी जागा लागते, दादरच्या शिवाजी पार्कावरील क्रिकेटास मैदान लागते, आणि त्या मैदानावर मुलीने जावे की नाही ह्याविषयी घरातील वडील मंडळींचे एकमत व्हावे लागते. बुद्धिबळास हातभर जागा आणि समोर बसणारे कोणी तरी एवढेच पुरते. ज्या घरी तिघी बहिणी खेळतात तेथे प्रतिस्पर्धी शोधण्यास उंबरठा ओलांडावा लागत नाही. दाटीवाटीच्या वस्तीतील मुलीस दाराबाहेर न पडता जगातील कोणत्याही खेळाडूइतकी तयारी करता यावी, असे खेळ फार थोडे आहेत. परंतु त्यातच एक धोकाही आहे. जो खेळ घरात खेळता येतो तो घरातच राहू द्यावा, असे समाजास वाटू लागते. खरी परीक्षा उंबरठ्याबाहेर असते.

आता त्या दहा वर्षांकडे वळू. स्त्रियांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७४ साली बंगळूर येथे झाली व ती वासंतीबाईंनी जिंकली. तेव्हापासून १९८३ पर्यंत हे विजेतेपद खाडिलकरांच्या घराबाहेर गेले नाही: वासंतीबाईंकडे एकदा, जयश्रीबाईंकडे चार वेळा आणि रोहिणीबाईंकडे पाच वेळा. जयश्रीबाई १९७९ साली स्त्रियांच्या आंतरराष्ट्रीय मास्टर ह्या पदवीस पोहोचल्या, आणि ती पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या. हा पराक्रम मोठा आहे, आणि तो आम्ही कमी लेखीत नाही. तथापि टीकाकाराने येथे थोडे थांबले पाहिजे. एवढ्या प्रचंड देशातील एक किताब दहा वर्षे एकाच घरात राहतो, ह्यावरून त्या घराचे तेज दिसते तसे बाहेरचे दारिद्र्यही दिसते. किती थोड्या घरांनी आपल्या मुलींस पटासमोर बसू दिले असेल, ह्याचा तो एक अप्रत्यक्ष हिशोबच होय. ज्या स्पर्धेत आपल्या तोडीचे प्रतिस्पर्धी मोजकेच, त्यांतही दोघी आपल्याच बहिणी, तेथे पाचव्यांदा जिंकल्याने खेळ फारसा वाढत नाही. तो वाढतो अधिक बलवान खेळाडूसमोर बसल्याने, आणि तसे बसणे म्हणजे बहुतेक वेळा हरणे.

म्हणूनच १९७६ साली जे घडले ते आमच्या मते ह्या संबंध कारकीर्दीचा कणा आहे. तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत उतरली. तिच्यापूर्वी कोणी स्त्री त्या स्पर्धेत खेळली नव्हती. ह्या प्रवेशावरून गहजब झाला, प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि अखेरीस जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष डॉ. मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की, राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेतून स्त्रियांस केवळ स्त्रिया म्हणून वगळता येणार नाही. एका शाळकरी मुलीच्या निमित्ताने साऱ्या जगास लागू पडणारा नियम घडला.

येथे इतिहासातील एक गमतीची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. हेच युवे १९३५ ते १९३७ ह्या काळात जगज्जेते होते. परंतु त्याआधी, हेस्टिंग्ज येथील स्पर्धांत, व्हेरा मेन्चिक ह्या स्त्रीकडून त्यांनी दोनदा हार खाल्ली होती. मेन्चिकबाई १९२७ साली स्त्रियांतील पहिल्या जगज्जेत्या झाल्या. १९२९ साली कार्ल्सबाडच्या स्पर्धेत त्यांना प्रवेश मिळाला, तेव्हा जो त्यांच्याकडून हरेल त्यास 'व्हेरा मेन्चिक मंडळा'चा सभासद करावे, अशी थट्टा एका खेळाडूने केली. आणि सभासदत्वाचा पहिला मान त्याचा त्यालाच मिळाला! पुढे युवेही त्या मंडळात दाखल झाले. स्त्रीसमोर बसून हरल्याने पुरुषाचे काही बिघडत नाही, हे ज्यांस स्वानुभवाने ठाऊक होते अशा गृहस्थांसमोर रोहिणीचे प्रकरण आले, हा योग मार्मिक खरा.

त्या स्पर्धेत रोहिणीने गुजरात, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगाल ह्या तीन राज्यांच्या विजेत्यांस हरवले. तिच्या चाहत्यांचा सारा भर ह्या तीन विजयांवर असतो: पाहा, तिने प्रवेश सार्थ करून दाखवला! आमचा मतभेद नेमका येथे आहे. समजा, ती एकही डाव जिंकली नसती. तर तिचा प्रवेश अयोग्य ठरला असता काय? तळाशी राहिलेल्या पुरुषास उद्देशून, पुरुषांनी ह्या स्पर्धेत येऊ नये, असे आजवर कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. त्याचा पराभव त्याच्या एकट्याचा असतो. मुलीचा पराभव मात्र साऱ्या स्त्रीजातीच्या खात्यावर मांडला जातो. रोहिणीने जो हक्क मिळवला तो जिंकण्याचा नव्हता, कारण जिंकणे कोणासही हक्काने मिळत नाही. तिने मिळवला तो बलवंतांसमोर बसून हरण्याचा हक्क; आणि ज्यास हरण्याची मुभा आहे तोच पुढे केव्हा तरी बलवंत होतो. अशा हक्कास गुणपत्रिका जोडण्याची गरज नसते.

निर्णय झाला तरी व्यवहार एकदम बदलत नाही. १९८६ साली हंगेरीच्या सुसान पोल्गार ह्या पुरुषांच्या जागतिक अजिंक्यपदाच्या विभागीय फेरीस पात्र ठरल्या असताही त्यांस खेळू देण्यात आले नाही. युवे यांच्या निर्णयास तेव्हा दहा वर्षे होऊन गेली होती!

ही अडचण एकट्या बुद्धिबळाची नव्हे, हे दाखवण्यासाठी वाचकांस क्षणभर हिमप्रदेशात न्यावे लागेल. तेथे स्की जंपिंग नावाचा एक खेळ आहे. पायांस लांब पट्ट्या बांधून उंच उतरंडीवरून बर्फावर घसरत यावयाचे, कडेवरून हवेत झेप घ्यावयाची आणि खाली उतारावर तोल न जाऊ देता उतरावयाचे. उडीचे अंतर आणि तिचा डौल ह्या दोहोंवर गुण मिळतात. हिवाळी ऑलिंपिकात पुरुषांसाठी हा खेळ १९२४ पासून आहे. स्त्रियांस मात्र तो २०१४ साली, म्हणजे नव्वद वर्षांनी, खुला झाला. मधल्या काळात दोन कारणे पुढे केली जात. एक, असल्या उड्या स्त्रियांच्या शरीरास मानवणार नाहीत. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाच्या अध्यक्षांनी २००५ साली ह्याच आशयाचे विधान केले होते. दुसरे, हा खेळ खेळणाऱ्या स्त्रिया फार थोड्या. २०१०च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकापूर्वी ह्या खेळातील स्त्रिया न्यायालयात गेल्या. अमेरिकेची लिंडसे व्हॅन ही त्यांत होती. २००९ साली स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा तिने जिंकली होती आणि त्या ऑलिंपिकासाठी बांधलेल्या एका उतरंडीवरील सर्वांत लांब उडी, पुरुष धरूनही, तिच्या नावावर होती. न्यायालयाने भेदभाव होत आहे हे मान्य केले. परंतु तो दूर करणे आपल्या अधिकारात नाही, असे सांगितले. 'कीचकवधा'तील राजसभेची आठवण व्हावी असा हा न्याय!

गिरगावच्या मुलीचे भाग्य त्या मानाने थोर. तिचे गाऱ्हाणे ऐकणारा अध्यक्ष निघाला. परंतु दुसऱ्या कारणाकडे आमच्या वाचकांनी बारकाईने पाहावे. आधी दार लावावयाचे, आणि मग आत येणारे थोडे आहेत म्हणून ते लावलेलेच ठेवावयाचे, हा युक्तिवाद खाडिलकरांच्या घरातील दहा वर्षांच्या विजेतेपदाकडे पाहूनही कोणास करता आला असता.

रोहिणीबाईंची पुढील कामगिरी उज्ज्वल आहे. १९८० साली त्यांस अर्जुन पुरस्कार मिळाला. १९८१ साली हैदराबाद येथे त्यांनी आशियाई स्त्रियांचे अजिंक्यपद बारापैकी साडेअकरा गुणांनी, म्हणजे अकरा डाव जिंकून व एक बरोबरीत सोडवून, मिळवले. १९८३ साली क्वालालंपूर येथे त्याच पदावर त्यांनी पुन्हा नाव कोरले. तथापि ग्रँडमास्टर ह्या सर्वोच्च पदवीपर्यंत ही कारकीर्द पोहोचली नाही, आणि ते लपवण्याचे कारण नाही. मात्र भारतातील पुरुषांसही ती पदवी प्रथम १९८८ साली, विश्वनाथन आनंद यांच्या रूपाने, मिळाली हे ध्यानात ठेवावे. १९९३ साली रोहिणीबाईंनी स्पर्धा सोडली. पुढे त्या मुद्रण व वृत्तपत्र ह्या घरच्या व्यवसायाकडे वळल्या आणि १९९८ साली 'संध्याकाळ' ह्या सायंदैनिकाच्या संपादक झाल्या. आशियाई चषकांची चमक अधिक खरी. पण त्या कारकीर्दीत टिकाऊ काय असे कोणी विचारल्यास आम्ही १९७६ सालाकडेच बोट दाखवू.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. असे असेल तर स्त्रियांच्या निराळ्या स्पर्धा हव्यातच कशाला? त्या हव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे. जेथे शंभर मुलांमागे चारच मुली पटाशी बसतात तेथे त्या चौघींस एकत्र आणणारी, त्यांस प्रवासाची सबब आणि घरच्यांस धीर देणारी जागा पाहिजे. १९७४ साली तशी स्पर्धा सुरू झाली नसती तर ह्या तिघी बहिणींची नावेही आपल्या कानी आली असती की नाही, कोण जाणे. आमचे म्हणणे इतकेच की ती जागा जिन्याची असावी. जिना वर नेतो. परंतु जिन्यातच बिऱ्हाड थाटावयाचे नसते.

हा जिना कोठवर जातो ते अलीकडे एका मराठी मुलीनेच दाखवले. नागपूरच्या दिव्या देशमुख हिने २०२५ च्या जुलैमध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे स्त्रियांचा विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत तिच्यासमोर कोनेरू हंपी होत्या. २००२ साली ग्रँडमास्टर झालेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री. ह्या विजयाने एकोणीस वर्षांच्या दिव्येस जी पदवी मिळाली ती स्त्रियांसाठी राखलेली नव्हे, तर सर्वांची, ग्रँडमास्टरचीच होती. स्पर्धा स्त्रियांची, पदवी सर्वांची: जिन्याने आपले काम चोख बजावले.

आमच्या वाचकांच्या घरी मुली आहेत. त्यांतील एखादी दादरच्या वा गिरगावच्या एखाद्या सभागृहातून 'मुलींत पहिली' असे प्रशस्तिपत्र घेऊन घरी येते, पेढे वाटले जातात, आणि पुढील वर्षी दहावीचे कारण सांगून पट माळ्यावर जातो. पेढे अवश्य वाटावेत. परंतु त्याच संध्याकाळी तिला आणखी एक प्रश्न विचारावा: सगळ्यांत मिळून कितवी आलीस? उत्तर 'तेहेतिसावी' असे आले तर तिचे सांत्वन करू नये, आणि पट माळ्यावर टाकू नये. ती कोणाकोणाशी हरली, कोणत्या खेळीवर हरली, हे तिच्याजवळ बसून पाहावे. १९७६ साली एका तेरा वर्षांच्या मुलीने जो हक्क मिळवून ठेवला आहे, त्याचा उपभोग घेण्याचा आम्हांस तरी ह्याहून सरळ मार्ग दिसत नाही.