पाचारण बाईला, वेदी बाप्याला

पंडिता रमाबाईंवर आपल्या अंकात काहून लिहायचं, असं कोणी म्हणेल. त्या बामणाच्या. त्यांचं केडगाव कुठं, आपलं शेंदूरजनाघाट कुठं! मीही तसंच म्हणत होतो. मग त्यांच्या पत्रांचा इंग्रजी ग्रंथ हाती आला. पत्रं जमवली सिस्टर जेराल्डीननं, संपादन अ. भि. शहांचं, १९७७ साली राज्याच्या साहित्य-संस्कृती मंडळानं छापलेला. रातपाळी करून आलो की डिक्शनरी बाजूला ठेवून वाचायचो. शाळेच्या पुस्तकातल्या रमाबाई म्हणजे विधवांचा आधार, बस्स. पत्रांतल्या रमाबाई भांडतात. त्या भांडणाबद्दल मला बोलायचं आहे.

ख्रिस्ती लोकांत एक शब्द आहे, पाचारण. देव माणसाला नाव घेऊन आपल्या कामावर बोलावतो, ते पाचारण. बाईलाही ते येतं, हे चर्चला मान्य होतं. पण पाळक म्हणून दीक्षा देताना डोक्यावर हात ठेवणार बिशप, आणि तो पुरुष. म्हणजे बोलावणं देवाचं आणि गेटपास बाप्याचा. गिरणीतल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला. पुढं चेल्टनहॅमच्या कॉलेजात असताना त्यांनी मुलग्यांनाही शिकवावं, अशी गोष्ट निघाली. मुंबईच्या आणि लाहोरच्या बिशपांनी मोडता घातला. हिंदुस्थानात त्यांचं वजन कमी होईल म्हणे! ज्या बाईनं देशभर पायी फिरून पुराणं सांगितली, कलकत्त्याच्या पंडितांकडून पदवी घेतली, तिनं पोरांसमोर उभं राहू नये? १८८५ च्या पत्रांतून रमाबाईंनी जेराल्डीनला जे सुनावलं त्याचा मतलब असा: इथल्या भटांचं जू मोठ्या कष्टानं उतरवलं, ते दुसरं जू मानेवर घ्यायला नाही. मानेवर जू असलेल्या माणसालाच असं लिहिता येतं. ही पत्रं म्हणजे आपल्या विद्रोहाची सख्खी नसली तरी चुलत बहीण आहे.

मग त्यांनी गेटपासची वाट पाहिली नाही. केडगावला मुक्ती मिशन उभं केलं. तिथल्या मुली टोळ्या करून खेडोपाडी उपदेशाला जाऊ लागल्या. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल रमाबाईंनी सोप्या मराठीत आणलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये बायबल निघालं. त्याचे खिळे जुळवले, छापले ते मुक्तीच्या बायांनी. मी कामगार आहे, मला हे सगळ्यात मोठं वाटतं. ज्यांना वेदीजवळ उभं राहू देत नव्हते, त्यांच्या शाई लागलेल्या हातांतून धर्मग्रंथ बाहेर पडला.

आता दुसरी बाजू. चुलत बहीण म्हटलं म्हणून हिशेब चुकत नाही. रमाबाईंच्या १८८७ च्या पुस्तकाच्या नावातच 'उच्चवर्णीय हिंदू स्त्री' आहे. १८८९ मध्ये काढलेल्या शारदासदनात विधवांना आपापले जातीचे नेम पाळायची मोकळीक होती. मग आमची माय कुठं होती? १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी पोरी गोळा करताना हे कुंपण मोडलं. १९०७ च्या साक्षीत तर त्या सरळ लिहितात की शास्त्रांनी बाईला आणि शूद्राला मोक्षापासून दूर ठेवलं. समज आली, पण दुष्काळानं दार ठोठावल्यावर आली.

आणि चर्चचं खरं घरोघरचं काम कोणी केलं? बायबलबायांनी. मिशनच्या तुटपुंज्या पगारावर दारोदार जाऊन वाचून दाखवणाऱ्या, गाणी म्हणणाऱ्या बाया. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेले बहुतेक लोक महार-मांग होते. तिथल्या बायबलबायांची पत्रं कोणत्या मंडळानं छापली? आपल्या गावच्या नर्सरीत जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. झाड जगतं जंबेरीच्या मुळावर, बाजारात नाव संत्र्याचं.

पुढं काय झालं तेही सांगतो. १९७० मध्ये आपल्या नागपुरातच उत्तर भारत चर्चची स्थापना झाली, आज तिथं बायांना पाळकपणाची दीक्षा मिळते. दक्षिण भारत चर्चमध्ये ई. पुष्पा ललिता २०१३ मध्ये बिशप झाल्या. रमाबाईंच्या बाप्तिस्म्याला तेव्हा १३० वर्षं झाली होती. रोमन कॅथलिक चर्चनं मात्र १९९४ मध्ये पोपच्या सहीनं सांगून टाकलं, बाई पुरोहित होणार नाही.

हसू नका. आपल्या विनयपिटकातही आठ गुरुधर्म आहेत. शंभर वर्षांच्या भिक्षुणीनं आज दीक्षा घेतलेल्या भिक्षूला वंदन करावं, असा त्यातला एक. बुद्धानं स्त्रीला परिव्रज्येचा हक्क दिला यात तिची मुक्ती आहे, हे बाबासाहेबांनी १९५१ च्या लेखात मांडलं. तो हक्क आपण कुठवर नेला? विहार झाडतात बाया, खीर रांधतात बाया, वंदनेत आवाज त्यांचाच मोठा. पण १४ एप्रिलच्या पत्रिकेत त्यांची नावं शोधावी लागतात.

माय मले म्हणाली, "बाबू, मले भाषण येते. पण कोणी इचारत नाही नं."

यंदाची पत्रिका छापायला जाण्याआधी तिला विचारू या.