पेटी कपाटात, भागीदार कुठे?

डहाणू-तलासरीच्या आश्रमशाळांत शहरातल्या संस्था विज्ञानपेट्या घेऊन जातात. पेट्यांतल्या भिंगात, लोहचुंबकात खोट काढण्यासारखे काही नसते. आम्हीही एका शाळेला अशी पेटी दिली होती. वर्षाने गेलो तर ती कपाटात, यादीसकट, जशीच्या तशी! काही फुटले तर भरून द्यावे लागेल, ही गुरुजींची धास्ती. पेटीत काय असावे हे आम्ही त्यांना विचारलेच नव्हते. अहवालात मात्र ‘भागीदारी’ हा शब्द चार वेळा होता.

याच भागात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत काम सुरू केले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणावर गेली. तिथे बदलली ती शाळा. आजच्या बहुतेक उपक्रमांत बदलायचे असते ते मुलांनी, आणि आमचा आक्षेप नेमका हाच आहे.

भाषेचेच पाहा. पाठ्यपुस्तकाची भाषा सोपी केली की आकलन सुधारते, हे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने पूर्वीच दाखवले. वारली बोलणाऱ्या मुलाला तर प्रमाण मराठीही परकीच. ‘घनता’ शब्दापाशी अडलेल्या मुलाला आपण गणितात कच्चा ठरवून मोकळे होतो.

मग पेटीऐवजी काय न्यावे? नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडी परिसराला भूकंपाचे धक्के बसू लागले. शास्त्रज्ञांनी तिथे भूकंपमापक बसवले. अशा यंत्राच्या आलेखाची झेरॉक्स वर्गात आली तर? आलेखावर आधी प्राथमिक लहर उमटते, मग दुय्यम. दोहोंतला काळ सेकंदांत मोजून त्याला सुमारे ८ने गुणले की उगमाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते; २ सेकंदांना १६ किलोमीटर. तीन ठिकाणचे आलेख घेऊन नकाशावर कंपासने तीन वर्तुळे काढावीत. धक्का कसा जाणवला, भांडी पडली की भिंतीला तडा गेला, हे मुलांनी घरी विचारून, आपल्या बोलीत सांगावे. ती माहिती शास्त्रज्ञांनाही हवीच असते.

वर्तुळे एका बिंदूत मिळणार नाहीत. मोजण्यातली चूक सोडली तरी, उगम जमिनीखाली असतो आणि आपण काढलेले अंतर तिरपे असते. तिथे पायथागोरसचा सिद्धान्त लागतो, आणि तो दहावीच्या पुस्तकात आहेच.