अभंग कुठे राहिला?

सप्ताहातले कीर्तन ऐकून घरी परतताना, माउली, बरोबरच्या माणसाला एकदा विचारून पाहा : आज बुवांनी अभंग कोणता घेतला होता? विनोद त्याला तीन-चार आठवतील, बुवांची चाल आठवेल, मृदंगही आठवेल. अभंग आठवला नाही, तर त्यात त्या श्रोत्याचा दोष नाही. दोन तासांत अभंग फक्त आरंभी म्हणण्यापुरता होता.

वारकरी कीर्तनाची घडण साधी आहे. नारदीय कीर्तनासारखे पूर्वरंग-उत्तररंग आपल्याकडे नाहीत. मागे टाळकरी, बाजूला मृदंगी आणि विणेकरी, पुढे संतांचा एकच अभंग. त्याचे ध्रुपद आणि चार-पाच चरण. बुवा दृष्टांतात कितीही लांब गेले, तरी टाळकरी ध्रुपद उचलतात आणि त्यांना अभंगापाशी परत आणतात. ध्रुपदाचे काम ते. हल्ली मात्र बुवांना घोटभर पाणी पिता यावे एवढ्यासाठीच ते म्हटले जाते की काय, अशी शंका येते.

तयारीचे खरे ठिकाण प्रमाण. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथला विद्यार्थी चार वर्षे ज्ञानेश्वरी, गाथा घोकतो, ते याचसाठी. पण पाठांतर म्हणजे तयारी नव्हे. चरणात ‘संत’ शब्द आला की ‘संत’ शब्दाची दहा प्रमाणे एका श्वासात म्हणायची, टाळ्या पडतात. अर्थ मात्र तिथेच उभा असतो. चरण ऐकून श्रोत्याच्या मनात जी शंका उठेल, ती आधी स्वतःच्या मनात उठवावी आणि तिचे उत्तर देणारे एकच प्रमाण शोधावे. घरी बसून चरणाला ‘असे का?’ म्हणून विचारत राहावे. रात्र जाते त्यात. मग व्यासपीठावर धावपळ उरत नाही, आणि दिवसभर शेतात राबून आलेल्या बाईलाही बोलणे आपल्यासाठी आहे असे वाटते.

विनोदाचे विचारले, तर तरुण बुवा गाडगेबाबांचे नाव पुढे करतात. हे मला पटत नाही. बाबा गावात येत, खराट्याने गाव झाडत आणि रात्री वऱ्हाडी बोलीत लोकांनाच प्रश्न विचारत. कर्ज काढून सण करता की नाही? देवापुढे बकरे कापता की नाही? लोक हसत, आणि हसता हसता स्वतःच्याच तोंडाने कबुली देत. ते हसू स्वतःच्या खोडीवर होते. आजचा विनोद सुनेवर, कॉलेजातल्या मुलीवर, मोबाईलवाल्या पोरावर असतो. हसणारा सुटतो, आणि ज्याच्यावर हसायचे तो बहुधा मंडपात नसतोच. मग बाबांचे नाव कशाला घ्यायचे?

त्यात कॅमेरा आला. मला त्याचे वावडे नाही. परगावी नोकरीला गेलेला मुलगा त्यावर कीर्तन ऐकतो, चांगलेच आहे. पण दोन मिनिटांच्या तुकड्यासाठी दोन तास रचले, की चरणाला चरण जोडणारा धागा आधी तुटतो. तुकड्यात धागा दिसतच नाही, मग तो ओवायचे कष्ट कोण घेणार? बिदागीविषयी फार लिहीत नाही. कीर्तन करावे तिथले अन्नसुद्धा घेऊ नये, असे तुकोबांनी सांगून ठेवले आहे. ते प्रमाण हल्ली कीर्तनात क्वचित ऐकू येते.

सगळे खापर बुवांवरच फोडता येत नाही. सप्ताह ठरवताना आपण विचारतो काय? तारीख मिळेल का, गर्दी किती जमते, गाडी पाठवावी लागेल का. अभंग कोणता घेणार, हे विचारणारे गाव विरळा. ते विचारायला पाहिजे. अभंग आधी कळला तर घरी गाथा उघडून तो वाचून येता येईल, आणि वाचून आलेल्या मंडळींसमोर उभे राहताना बुवांनाही रात्रभर बसावे लागेल. पत्रिकेत सात दिवसांचे सात फोटो असतात. प्रत्येक फोटोखाली त्या दिवशीच्या अभंगाचे ध्रुपद छापायला एक ओळ पुरते.