दोन दाबयंत्रे, एक इंजिन : हिशेब तपासू या

मोटारींच्या जाहिरातींत, आणि कित्येकदा वर्गातही, टर्बोचार्जरची ओळख ‘फुकटात शक्ती देणारे यंत्र’ अशी करून दिली जाते. त्याच्या जोडीला सुपरचार्जर बसवला की शक्ती दुप्पट, असा पुढचा समज होतो. ही दोन्ही विधाने तपासून पाहणे आम्हांस आवश्यक वाटते.

टर्बोचार्जरचे चाक इंजिनातून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूंवर फिरते. वायूंना मात्र या चाकाचा अडथळा होतो आणि तो ढकलण्याचे काम दट्ट्यालाच करावे लागते. म्हणजे ते स्वस्त आहे, फुकट नाही. सुपरचार्जर तर पट्ट्याद्वारे इंजिनाकडूनच शक्ती घेतो.

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीचे औरंगाबाद) क्रांती चौकात सिग्नलला थांबलेल्या मोटारीचा विचार करा. इंजिन मंद फिरत असल्याने वायूंचा झोत क्षीण असतो. सिग्नल सुटल्यावर टर्बोचार्जरला वेग घेण्यास थोडा अवधी लागतो. सुपरचार्जर मात्र लगेच हवा पुरवतो. जोडीचे मर्म या कालविभागणीत आहे.

क्रांती चौकातून जालना रस्त्याने पुढे शेंद्रा लागते. तेथे २००१ साली स्कोडा मोटारींची जुळणी सुरू झाली. त्याच उद्योगसमूहातील फोक्सवॅगनने २००५ मध्ये १.४ लिटरचे जोड-दाबाचे इंजिन आणले. त्याची शक्ती १७० अश्वशक्ती होती. १७५० फेऱ्यांपासूनच २४० न्यूटन-मीटर आघूर्ण मिळे. मिनिटाला सुमारे ३५०० फेऱ्यांनंतर सुपरचार्जर विद्युतचुंबकीय क्लचने सुटा होई आणि टर्बोचार्जर एकटा काम करी.

दोन्ही यंत्रे एकामागोमाग काम करतात तेव्हा दाबाच्या पटींचा गुणाकार होतो. एकाने दाब दुप्पट केला, दुसऱ्याने त्याच्या सव्वापट केला, तर एकूण अडीचपट. पण दाबलेली हवा तापते. उन्हाळ्यातील ४० अंश सेल्सिअसची हवा आदर्श स्थितीतही अडीचपट दाबाला सुमारे १३४ अंशांवर जाते. परिणामी तिची घनता अडीचपट न होता जेमतेम १.९ पट होते. म्हणून इंटरकूलर हवा. हे उदाहरण अकरावीच्या वर्गात केल्प्रमाणात सोडवून घेता येईल.

आता मूल्यमापन. लान्चियाने १९८५ साली डेल्टा एस-४ या शर्यतीच्या मोटारीत ही जोडी वापरली, ते योग्यच होते. वळणावळणाच्या रॅलीत इंजिनाने क्षणार्धात प्रतिसाद देणे मोलाचे असते आणि खर्चाची पर्वा नसते. लहान इंजिनाकडून मोठ्याचे काम करून घेण्याचा फोक्सवॅगनचा विचारही चांगला होता. पण क्लच, पट्टा, झडपा आणि जास्तीचे वजन पाहता रोजच्या वापरासाठी हा डोंगर पोखरून उंदीर काढण्याचाच प्रकार ठरतो. पुढे हलक्या चाकाचे, लवकर वेग घेणारे टर्बोचार्जर आले. त्या कंपनीच्या पुढच्या पिढीच्या १.४ लिटर इंजिनांत सुपरचार्जर राहिला नाही. संकरित मोटारींत तर सुरुवातीची उणीव विजेची मोटर भरून काढते.

एखादी युक्ती बाजूला पडली म्हणजे ती चुकीची होती असे नव्हे. तिने प्रश्न अचूक ओळखला होता, उत्तर मात्र महाग होते. विद्यार्थ्यांना अश्वशक्तीचा आकडा सांगण्याआधी ती कोठून आली आणि तिची किंमत कोणी मोजली, हे विचारावयास शिकवले पाहिजे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम पाठ असणे आणि तो जाहिरातीला लावून पाहता येणे, यांत बरेच अंतर आहे.