विद्यापीठात ताल कुणाला शिकवायचा?

कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे अलोरे हे नाव बाहेरच्या माणसाला वीज आणि पाणी यांच्या संदर्भातच माहीत असतं. पण इथे बसलेल्यांना वेगळं सांगायला नको की चिपळूण तालुक्यातल्या कुठल्याही वाडीत गणपतीत जाखडी असते, शिमग्यात पालखी नाचते आणि नमन-खेळे उभे राहतात. म्हणून आजचा विषय आम्ही इथे मुद्दाम घेतला: विद्यापीठातल्या सर्वसाधारण विद्यार्थ्याला ताल आणि साधं नाचणं शिकवावं का, आणि आज जे शिकवलं जातं ते नेमकं काय आहे? आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, नृत्य नव्हे. तेव्हा हे बोलणं नर्तकाचं नाही, वर्गात उभं राहिलेल्या माणसाचं आहे.

आधी परिस्थिती बघू. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत आता सहअभ्यासक्रम म्हणून एक कप्पा आला आहे. एनएसएस, एनसीसी, योग, खेळ, सांस्कृतिक कार्यक्रम, प्रयोगकला, सगळं त्यात. दोन क्रेडिट मिळतात. कागदावर ही चांगली गोष्ट आहे, आणि ती आली याचा आम्हाला आनंद आहे. पण कप्प्यात काय भरायचं याचा विचार झाला का? बऱ्याच ठिकाणी या दोन क्रेडिटचं रूपांतर दोन गोष्टींत होतं. एक, नृत्यप्रकारांची नावं, राज्यं आणि वेशभूषा यांच्या नोट्स. दोन, स्नेहसंमेलनात भाग घेतल्याचं प्रमाणपत्र. पहिल्यात विद्यार्थी नाचत नाही. दुसऱ्यात जो आधीच नाचत होता तोच नाचतो.

म्हणजे दार दोनच: निवड किंवा माहिती. आमची तक्रार आहे ती तिसरं दार नसल्याबद्दल. ज्याला नाचता येत नाही त्याला, तो कधी रंगमंचावर जाणार नाही हे गृहीत धरून, तालात चालायला शिकवणं.

यावर लोक म्हणतात, विद्यापीठांत नृत्य आहे की! आहेच. पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र 1987 पासून आहे. मुंबईत कनक रेळे यांनी 1966 साली नालंदा नृत्य संशोधन केंद्र काढलं, पुढे त्यातून मुंबई विद्यापीठाशी संलग्न असं नृत्य महाविद्यालय उभं राहिलं. रोहिणी भाटे यांनी 1947 मध्ये पुण्यात नृत्यभारती सुरू केली, तेव्हा पांढरपेशा घरातली मुलगी पायात घुंगरू बांधते म्हणजे काय, असा प्रश्न विचारणारा समाज समोर होता. ही सगळी कामं थोर आहेत. पण ती कलावंत घडवण्याची कामं आहेत. गणिताचा पदव्युत्तर विभाग आहे म्हणून आपण शाळेत पाढे शिकवायचं थांबवत नाही ना?

आणि पाढ्यांची ही उपमा आम्ही उगाच घेतलेली नाही. प्लेटोच्या ‘नियम’ या उतारवयातल्या संवादात, दुसऱ्या भागात, अथेन्सचा वृद्ध प्रवासी सरळ म्हणतो की जो समूहात गाऊ-नाचू शकत नाही तो अशिक्षित. त्याच्या लेखी लहान जिवाला स्थिर बसवत नाही, ते उड्या मारतं, ओरडतं, आणि या हालचालीला क्रम लावणं हीच शिक्षणाची सुरुवात. पुढे तो वयानुसार तीन वृंद सांगतो, आणि साठीच्या पुढच्यांना मात्र गोष्टी सांगण्याचं काम देतो. आम्ही आत्ता तेच करतो आहोत. (हशा)

आपल्याकडेही ही फारकत मुळात नव्हती. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. सात अध्याय, पाचवा तालाचा, सहावा वाद्यांचा, सातवा नर्तनाचा. गीत, वाद्य, नृत्य या तिघांना मिळून संगीत म्हणायचं, अशी ती दृष्टी. आपण पुढे ‘संगीत’ म्हणजे गाणं एवढंच ठेवलं, आणि नाचाला घराबाहेर काढलं.

हे बाहेर काढणं निष्पाप नव्हतं. ‘नाच्या’ हा शब्द शिवी कसा झाला ते आठवा. ‘बाल्या डान्स’ हे नाव घ्या. कोकणातला कुणबी गडी मुंबईत घरकामाला गेला, त्याच्या कानात बाळी होती, म्हणून मुंबईकर त्याला बाल्या म्हणू लागले, असं सांगतात. म्हणजे जाखडीला शहराने दिलेलं नाव हे नोकराला मारलेल्या हाकेवरून आलं. आज तेच नाव आपण स्पर्धेच्या बॅनरवर कौतुकाने छापतो. ज्याच्या हाती अभ्यासक्रम होता त्याच्या घरात नाच नव्हता, आणि ज्याच्या घरात नाच होता त्याच्या हाती अभ्यासक्रम नव्हता. एवढं साधं आहे ते.

आता युवा महोत्सवाकडे वळू, कारण विद्यापीठाचा लोकनृत्याशी खरा संबंध तिथेच येतो. आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या लोकनृत्यात साधारण दहा नर्तक आणि आठ-दहा मिनिटं. जाखडी या साच्यात गेली की तिचं काय होतं ते नीट बघायला हवं. वाडीत गाणारा बुवा, ढोलकी आणि झांज मध्ये बसतात, नाचणारे भोवती फिरतात. नाचणाऱ्याचं तोंड वाद्याकडे असतं. तो प्रेक्षकाला दाखवत नाही, तो ढोलकीला उत्तर देत असतो. प्रेक्षक चहूबाजूंनी, त्यामुळे रिंगणाला पुढची बाजूच नाही. रंगमंचावर मात्र परीक्षक एकाच बाजूला. मग रिंगण फुटतं, अर्धवर्तुळ होतं, अर्धवर्तुळाच्या ओळी होतात, वादक विंगेजवळ जातात. हळूहळू चढत जाणारी लय पहिल्याच मिनिटाला टिपेला न्यावी लागते, कारण वेळ नाही. शेवटी मनोरा. शक्तीवाले आणि तुरेवाले यांचे सवाल-जबाब तर कुठल्या कुठे.

मुलं मेहनत करतात, दोष त्यांचा नाही. पण जाखडीतला शिकवणारा भाग होता तो रिंगण. त्यात चुकलेला पाय शेजाऱ्याच्या पायाने दुरुस्त होतो. नवशिका पोर मागे लागून फिरतं आणि चौथ्या-पाचव्या फेरीत सापडतं. स्पर्धेने नेमका हा भाग कापला आणि दाखवण्याचा भाग ठेवला. कच्च्या मुलाला संघात जागाच नाही.

इथे एक सावधगिरी. लोककलेचं नाव घेतलं की डोळे ओले करणारे आमचे काही मित्र आहेत. त्यांना वाटतं, वाडीतली पद्धत उचलून वर्गात ठेवली की झालं. तसं होणार नाही. नमनात राधा होते ती पुरुषच. जाखडीची रिंगणंही पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांची. वर्गात निम्म्या मुली आहेत, त्या कुठे उभ्या राहणार? आणि वाडीतल्या पोराला दहा वर्षं मिळतात, विद्यापीठात दोन क्रेडिटचे तास. तेव्हा पद्धत वेगळीच हवी.

ती कशी असेल? नवं काही शोधायला नको. जिनिव्हाच्या संगीतशाळेत एमिल जाक-दालक्रोझ 1892 पासून हार्मनी शिकवत होता. विद्यार्थी कागदावर स्वरसंगती अचूक लिहीत, पण त्यांना लय अंगात जाणवत नव्हती. त्याने त्यांना चालायला लावलं. चालता चालता टाळी, थांबणं, वेग बदलणं. 1910 मध्ये जर्मनीत हेलराऊ इथे याच तत्त्वावर त्याची शाळा उभी राहिली. आपल्याकडे तर हे साधन आधीपासून तयार आहे: बोल म्हणायचे, हाताने ताल द्यायचा, मग पायाने. कहरव्याच्या आठ मात्रा, दादऱ्याच्या सहा. पहिले काही तास फक्त चालणं. एका मात्रेला एक पाऊल, मग एका मात्रेत दोन, मग दोन मात्रांना एक. घुंगरू नको, पोशाख नको, आरसा तर अजिबातच नको.

आणि खाली. याच्यावर आम्ही जरा अडून बसणार आहोत. त्रितालात नवव्या मात्रेवर आपण टाळी देत नाही, हात उलटा करतो. ती मात्रा मोजलेली आहे, पण वाजवलेली नाही. विचारांच्या इतिहासात ही मोठी गोष्ट आहे: अनुपस्थितीला जागा देणं. विद्यार्थ्याला खाली समजली की ताल म्हणजे दणका नव्हे हे समजतं. मिरवणुकीतल्या डीजेला खाली नसते. तो छातीत ठोकतो, तुम्हाला मोजायला काही ठेवतच नाही. मोजणारा आणि ठोकून घेणारा, या दोघांत फरक आहे.

हाच मुद्दा आमच्या एका शंकेचंही उत्तर आहे. एकत्र पावलं टाकणं ही निर्मळच गोष्ट आहे असं कुणी समजू नये. विल्यम मॅकनील या इतिहासकाराने 1995 मध्ये याच विषयावर पुस्तक लिहिलं. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी सैन्यात भरती झाल्यावर कवायत करताना जो विलक्षण एकोपा अंगाला जाणवला, तिथून त्याचा विचार सुरू झाला. गावाचा नाच आणि सैन्याची कवायत एकाच स्नायूंवर चालतात. मग विद्यापीठाने हे का शिकवावं? आमचं म्हणणं असं की ज्याला ताल कळतो त्याला तालातून बाहेर पडताही येतं. ज्याला कळत नाही तो वाहत जातो.

‘आमच्या मुलाला तालच नाही हो’ असं पालक सहज म्हणतात. 2009 मध्ये हंगेरीतल्या संशोधकांनी नवजात अर्भकांच्या मेंदूतल्या विद्युत्-लहरी मोजल्या. ठेक्यातला अपेक्षित आघात गाळला की झोपलेल्या बाळाचा मेंदूही त्याची दखल घेतो, असं त्यांना दिसलं. तेव्हा ‘तालच नाही’ हे सहसा कानाचं नव्हे तर लाजेचं निदान असतं. अठरा वर्षांच्या मुलाला त्याचं शरीर सगळ्यांसमोर हलवायचं असतं, आणि त्याला आजवर फक्त हसण्यासाठीच कुणी बघितलेलं असतं. त्याला दहाजणांच्या रिंगणात, सगळे आत तोंड करून, कुणीच बघत नसताना उभं करा. वाडीला हे माहीत होतं.

राहता राहिली परीक्षा, कारण क्रेडिट आलं की परीक्षा आली. कृपा करून कार्यक्रम बसवायला लावू नका. आमची सूचना अशी: दहा-बारा जणांचं रिंगण, ढोलकीवर कहरवा. चार आवर्तनं चालल्यावर ढोलकीवाल्याने हात उचलायचा. दोन आवर्तनं नुसती पावलं. मग ढोलकी पुन्हा समेवर पडेल, तेव्हा रिंगण तिथेच आहे का ते बघायचं. गुण सगळ्या रिंगणाला एकच. आणि परीक्षक म्हणून या तालुक्यातला एखादा जाखडीचा बुवा बोलवायचा, त्याला प्राध्यापकाइतकंच मानधन द्यायचं. त्याच्याकडे पदवी नाही म्हणून कुलसचिवांच्या कार्यालयाने फाईल परत पाठवली, तर तिच्यावर काय शेरा मारावा, हे तुम्ही आता प्रश्नोत्तरांत सुचवा. माईक मागच्या रांगेत द्या.