जीवाश्मांची पेटी काय शिकवते?

शाळांसाठी तयार मिळणाऱ्या जीवाश्मांच्या पेटीत साधारणपणे ठरलेले नमुने असतात : प्लास्टरचा अमोनाइट, ट्रायलोबाइट, एखादा शिंपला, नेच्याचा ठसा. प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. मुले नावे वहीत उतरवतात आणि परीक्षेत 'नमुना ओळखा' या प्रश्नाला उत्तर देतात. पण खरे तर ओळखण्याचे काम चिठ्ठीनेच केलेले असते.

नमुने प्लास्टरचे आहेत हा दोष नव्हे. चांगल्या साच्यातला नमुना मुलांना निर्धास्तपणे हाताळता येतो. दोष आहे तो वापरात. गुंडाळलेले कवच दिसले की मुले 'अमोनाइट' म्हणतात. मग गोगलगाईचे कवच कसे वेगळे? अमोनाइटचे कवच आतून पडद्यांनी कप्प्याकप्प्यांत विभागलेले असते. हे पडदे कवचाला जिथे भिडतात तिथे नागमोडी रेषा दिसतात. गोगलगाईच्या कवचात असे कप्पे नसतात. गंडकी नदीतल्या अनेक शाळिग्रामांत अमोनाइटच असतो; म्हणजे हा नमुना काही मुलांच्या देवघरातही सापडेल.

शिंपला आणि ब्रॅकिओपॉड यांच्यातही असाच घोटाळा होतो. शिंपल्याच्या दोन झडपा बहुधा एकमेकींसारख्या असतात, पण एकच झडप घेतली तर तिच्या दोन बाजू सहसा जुळत नाहीत. ब्रॅकिओपॉडचे उलट : झडपा असमान, पण प्रत्येक झडपेची डावी-उजवी बाजू सारखी. हे तपासायला छोटा आरसा पुरतो.

पेटीची सर्वांत मोठी उणीव ही, की तिच्यात जीवाश्म नसलेला एकही दगड नसतो. चुनखडीच्या फटीत झिरपणाऱ्या पाण्यामुळे मँगनीजच्या ऑक्साइडांची काळी नक्षी उमटते. ती हुबेहूब नेच्यासारखी दिसते. मात्र तिला ना शिरा, ना देठ. असा दगड समोर नसेल तर 'हा जीवाश्म कशावरून?' हा प्रश्न मुलांना पडणारच कसा?

शिवाय पेटी आपल्या मातीबद्दल काहीच बोलत नाही. महाराष्ट्राचा बराचसा भाग सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाने व्यापला आहे. त्यामुळे येथे जीवाश्म सर्वत्र मिळत नाहीत. पण लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधीकधी तळ्यांचा गाळ सापडतो. नागपूरजवळच्या टाकळी येथे स्टीफन हिस्लॉप यांना एकोणिसाव्या शतकात अशाच गाळात गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंची कवचे व वनस्पतींचे अवशेष मिळाले. त्याहून जुन्या खडकांत, गडचिरोली जिल्ह्यातल्या वडधमला, झाडांची दगड झालेली खोडे आहेत. ती जागेवरच पाहावीत. उचलून आणली की कोणत्या थरातली हा पुरावाच हरवतो.

म्हणून पेटी फेकू नये. चिठ्ठ्या तेवढ्या काढाव्यात, दोन-चार साधे दगड मिसळावेत आणि नावाला एक गुण असेल तर कारणाला दोन द्यावेत.